रिपोर्ट निगेटिव्ह, विषाणू मात्र यकृतात

नंदुरबार-धडगावकडच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे, तर जळगाव-धुळ्यात थॅलॅसिमियाची मुलं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेतात. यातल्या कुणाचा भावंडाशी एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळला आणि मुंबई-पुण्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं, तर फायलीत हिपॅटायटिस बीच्या रक्ततपासणीचा 'एचबीएसएजी निगेटिव्ह' असा कागद असतोच. तेवढ्यावर विसंबू नये.

हिपॅटायटिस बी बरा झाला तरी विषाणू आपल्या डीएनएचं गोल कडं यकृतपेशीच्या केंद्रकात ठेवून जातो. एरवी प्रतिकारशक्ती त्याला दाबून धरते. ट्रान्सप्लांटची किमो, पुढे सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि स्टेरॉइड यांनी तो पहारा उठतो आणि विषाणू गुपचूप वाढतो. यकृताची खरी नासधूस अनेकदा नंतर होते: औषधं कमी झाली, नवी प्रतिकारशक्ती जागी झाली आणि ती बाधित पेशींवर तुटून पडली, की.

म्हणून कोअर अँटीबॉडी (टोटल), म्हणजे विषाणू कधी तरी शरीरात शिरल्याची खूण, आणि सरफेस अँटीबॉडी, म्हणजे संरक्षणाची खूण, याही तपासायच्या, कोअर पॉझिटिव्ह आली तर विषाणूचा डीएनए. नुकतंच रक्त चढलं असेल तर रक्तदात्याच्या अँटीबॉडीमुळेही कोअर पॉझिटिव्ह दिसते, त्यामुळे शक्यतो पिशवी लावण्याआधीच नमुना घ्यावा. बोन मॅरो देणाऱ्याचीही हीच तपासणी होते.

धोका असेल तर एन्टेकॅविर ही विषाणू रोखणारी गोळी सुरू करतात. मोठ्या माणसाला साधारण 0.5 मिलिग्रॅम, रोज एकदा. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा बदलते. पोट रिकामं हवं, म्हणजे जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. आठला भाकरी खाल्ली तर गोळी दहाला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं संपल्यावरही ती किमान 12 महिने चालते, रिटुक्सिमॅब (बी-पेशी मारणारं औषध) दिलं असेल तर 18. घरी आल्यावर बरं वाटतं आणि गोळी सुटते. घात होतो तो इथेच.

ट्रान्सप्लांटनंतर डोळे पिवळे झाले तर कारण जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) असेल, बुरशीवरचं औषध असेल किंवा विषाणू. जीव्हीएचडी समजून स्टेरॉइड वाढवलं आणि आत विषाणू असला, तर त्याला मोकळं रान मिळतं. हिपॅटायटिस सी आणि ई विषाणूंच्या अँटीबॉडी या रुग्णांत खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीच मागावी. ई आपल्याकडे मुख्यतः दूषित पाण्यातून येतो, म्हणून टँकरचं पाणी उकळूनच द्यावं. आणि कावीळ उतरवायला नाकात थेंब, झाडपाल्याचा काढा? अजिबात नको. त्यातलं काय सायक्लोस्पोरिनशी भांडेल, सांगता येत नाही.

लहानपणीच्या लसींचं संरक्षणही बरंचसं पुसलं जातं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस साधारण 6 ते 12 महिन्यांनी पुन्हा सुरू करतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या सरफेस अँटीबॉडीची पातळी) पाहतात. तो 10 mIU/mL च्या खाली असेल तर लस पुन्हा द्यावी लागते.