बटुग्रहांची प्रतियुती

बटुग्रहांची प्रतियुती : पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि बटुग्रह यांच्या भोगांत (क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गावर, मोजलेल्या स्थानांत) १८०° चे अंतर पडते, त्या क्षणाला त्या बटुग्रहाची प्रतियुती म्हणतात. जुन्या ज्योतिषग्रंथांत यालाच षड्भांतर म्हटले आहे. या सुमारास बटुग्रह सूर्यास्ताला उगवतो, मध्यरात्रीच्या आगेमागे याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) येतो आणि पहाटे मावळतो. तो पृथ्वीला त्या वर्षापुरता जवळजवळ सर्वांत निकट असतो व वक्री (ताऱ्यांच्या संदर्भात उलट, पश्चिमेकडे) गतीने सरकत असतो. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने ऑगस्ट २००६ मध्ये बटुग्रह (सूर्याभोवती फिरणारा, जवळजवळ गोल, पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा न केलेला पिंड) हा वर्ग ठरवला. सेरीस, प्लूटो, हौमिया, माकेमाके व एरिस हे पाच त्याचे मान्य सदस्य असून पुढील विवेचन त्यांच्यापुरते आहे.

प्रतियुतीची तारीख वेगवेगळ्या पंचांगांत थोडी वेगळी आढळते. काही तफावत निव्वळ जागतिक वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांतील साडेपाच तासांची असते. खरा प्रश्न व्याख्येचा आहे. सूर्यापासूनचे १८०° अंतर क्रांतिवृत्तावर (भोगाने) मोजायचे की खगोलीय विषुववृत्तावर (विषुवांशाने)? गुरू-शनींच्या बाबतीत दोन्ही तारखा जवळजवळ येतात, कारण त्यांचा शर (क्रांतिवृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) फार वाढत नाही. बटुग्रहांच्या कक्षा मात्र चांगल्याच कललेल्या आहेत : सेरीस सु. १०.६°, प्लूटो १७°, हौमिया २८°, माकेमाके २९° आणि एरिस तर ४४°. हौमिया सध्या क्रांतिवृत्ताच्या सु. २८° उत्तरेस आहे. त्यामुळे भोगाने काढलेली तिची प्रतियुती एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते, तर विषुवांशाने काढलेली त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. शिवाय सूर्यापासून तिचे प्रत्यक्ष कोनीय अंतर १५२° च्या आसपासच अडते, १८०° पर्यंत ते पोचतच नाही. भोगाची व्याख्या अधिक रूढ आहे व येथे तीच घेतली आहे. वेध घेणाऱ्याला मात्र विषुवांशाची तारीख जास्त उपयोगी पडते, कारण मध्यरात्री याम्योत्तर वृत्तावर काय असेल ते तीच सांगते.

प्रतियुतीचा लाभ सर्व बटुग्रहांना सारखा मिळत नाही. सेरीस सूर्यापासून २.५५ ते २.९८ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) अंतरावर फिरतो. त्याच्या प्रतियुती सु. ४६७ दिवसांनी येतात. त्या काळात तो पृथ्वीपासून १.६ ते २ एककांवर येतो आणि ६.७ ते ७.७ प्रतीचा दिसतो (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितके तेज कमी); युतीच्या, म्हणजे सूर्याच्या दिशेला असण्याच्या, सुमारास तो नवव्या प्रतीपर्यंत मंदावतो. म्हणजे त्याच्यासाठी प्रतियुती निर्णायक आहे. गावाबाहेरच्या काळ्या आकाशात साध्या १०×५० द्विनेत्रीतून तो ताऱ्यासारखा टिपता येतो. मार्च २०२३ ची प्रतियुती अरुंधती केश तारकासमूहात झाली आणि त्याच आठवड्यात सेरीस एम १०० या सर्पिल दीर्घिकेवरून सरकताना दिसला. २ ऑक्टोबर २०२५ ची प्रतियुती तिमिंगल समूहात होती. तेव्हा त्याची प्रत ७.६ च्या आसपास होती.

प्लूटोचे गणित वेगळे. तो ३४–३५ एककांवर असताना पृथ्वी दोन एकके जवळ आली काय किंवा लांब गेली काय, तेजात जेमतेम ०.१ प्रतीचा फरक पडतो. सध्या तो सु. १४.४ प्रतीचा आहे. ५ सप्टेंबर १९८९ ला उपसूर्य बिंदूशी (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूशी) होता त्या सुमारास तो १३.७ च्या आसपास होता. त्याच्यासाठी प्रतियुती म्हणजे आकाशात रात्रभर मिळणारा मुक्काम, तेज नव्हे. अपवाद १२ जुलै २०१८ चा. प्लूटो तेव्हा क्रांतिवृत्ताला इतका लगटून होता की प्लूटोवरून पाहिले असते तर पृथ्वी सूर्यबिंबावरून जाताना दिसली असती. अशा वेळी पृष्ठभागावरच्या कणांच्या सावल्या निरीक्षकापासून लपतात व तेज किंचित, पण मोजता येईल इतके उसळते.

प्रतियुतीचे महत्त्व प्लूटोच्या शोधाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफच्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ १९२९ मध्ये रुजू झाले. छायाचित्रपट्टिकांवर हजारो तारे आणि त्यांत सरकणारे लघुग्रह. स्तंभी (ताऱ्यांमध्ये क्षणभर स्थिर) होण्याच्या बेतात असलेला लघुग्रह फारच हळू सरकतो आणि दूरच्या ग्रहासारखा भासतो. हा घोळ टाळण्यासाठी टॉमबॉ यांनी प्रतियुतीच्या बिंदूलगतचेच आकाश टिपायचे ठरवले. तेथे प्रत्येक पिंडाचे वक्री सरकणे मुख्यतः पृथ्वीच्या गतीमुळे असते. जवळचा जास्त सरकतो, दूरचा कमी. पट्टिकेवर मोजपट्टी ठेवली की अंतराचा अंदाज मिळतो. २३ व २९ जानेवारी १९३० च्या पट्टिकांवर मिथुनेतील डेल्टा ताऱ्याजवळचा एक ठिपका सु. ३.५ मिमी. सरकलेला त्यांना १८ फेब्रुवारीला आढळला. प्लूटो त्या वर्षी क्रांतिवृत्ताच्या अगदी निकट होता, हे सुदैवच. याच वेधशाळेच्या १९१५ च्या पट्टिकांवरही तो उमटला होता, पण तेव्हा कोणी ओळखला नाही.

नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे भाकीत कोणाचे, हा वाद मराठी वाचकाला परिचित आहे. ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात अशा दोन ग्रहांची कल्पना मांडली. त्यांपैकी ‘ब्रह्मा’चे अंतर सु. ३९ एकके आणि आवर्तकाल सु. २४२ वर्षे दिला होता. प्लूटोचे आकडे ३९.५ व २४८ असे आहेत. हे साम्य लक्षवेधी आहे आणि केतकरांचे गणिती कर्तृत्व त्यावाचूनही मोठेच आहे. लोवेल वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लोवेल यांचे भाकीतही स्थानाच्या दृष्टीने बरेच जुळले होते. मात्र १९७८ मध्ये शॅरन हा उपग्रह सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सु. ०.००२ पट ठरले. इतक्या हलक्या पिंडाने युरेनस-नेपच्यूनच्या गतीत मोजण्याजोगा फेर पडत नाही. त्यामुळे लोवेल यांचे जुळणे योगायोग मानले जाते. केतकरांच्या बाबतीतही तसेच मानणे अधिक सुरक्षित. शोध लागला तो प्रतियुतीलगतच्या चिकाटीच्या छायाचित्रणामुळे.

महाराष्ट्रातून पाहता प्लूटोची स्थिती विचित्र आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) सु. −२३° असल्याने पुण्याहून तो ४८° पर्यंत चढतो. लंडनहून जेमतेम १५°. पण प्रतियुती येते भर पावसाळ्यात. २०२५ मध्ये ती २५ जुलैला, म्हणजे दीप अमावस्येच्या दुसऱ्याच दिवशी होती. चंद्राचा अडथळा मुळीच नव्हता, पण ढगांना त्याचे काय! एरवी आषाढी पौर्णिमेचा चंद्र प्लूटोच्याच परिसरात असतो, कारण पौर्णिमा हीही प्रतियुतीच. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मी. व्यासाची दुर्बीण आहे. पावसाळ्यात तेथील निरीक्षणे थांबतात. लडाखमधील हानले वेधशाळा पर्जन्यछायेत असल्याने तेथे जुलैत काही रात्री मिळतात. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या हौशी निरीक्षकाने तारखेचा हट्ट सोडून ऑक्टोबरच्या अमावस्येला, काळोख पडताच मकर राशीकडे वळावे. तेजात गमावण्यासारखे काही नसते. ८ ते १० इंची दुर्बीण, नेमका नकाशा आणि दोन रात्रींची रेखाटने लागतात. पहिल्या रात्री दृष्टिक्षेत्रातील सर्व मंद ठिपके काढून ठेवायचे. दोन-तीन रात्रींनी जो जागचा हलला तो प्लूटो. ही प्रतियुती दरवर्षी सु. दीड ते दोन दिवसांनी पुढे सरकते. साधारण २०६७ च्या आसपास ती सप्टेंबरअखेरीस पोचेल; तोवर प्लूटो आणखी सु. एक प्रतीने मंद झालेला असेल.

उरलेले तिघे छायाचित्रणाचेच विषय. माकेमाके (अरुंधती केश, सु. १७ वी प्रत) मार्चअखेर प्रतियुतीत येतो आणि हौमिया (भूतप, सु. १७.३) एप्रिलमध्ये. महाराष्ट्रात दोन्ही वेळी आकाश बहुधा निरभ्र असते. एरिस तिमिंगल समूहात असून त्याची प्रतियुती ऑक्टोबरच्या मध्यास येते, प्रत १८.७. पालोमार वेधशाळेतील ज्या प्रतिमांत तो सापडला त्या २१ ऑक्टोबर २००३ च्या, म्हणजे प्रतियुतीलगतच्याच होत्या. तरी तो तेव्हा निसटला. ताशी दीड विकलेपेक्षा हळू सरकणारे ठिपके संगणक वगळत असे आणि ९७ एककांवरच्या एरिसचे सरकणे त्याहून कमी होते. ही मर्यादा खाली आणून जुन्या प्रतिमा पुन्हा तपासल्यावर ५ जानेवारी २००५ रोजी तो हाती लागला.