ईश्वरवादी उत्क्रांतिवाद

सजीव सृष्टीतील विविधता समान पूर्वजांपासून, उत्परिवर्तने (जनुकांत होणारे बदल) आणि नैसर्गिक निवड (त्यांतील उपयुक्त बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून पसरणे) यांच्या योगे, कोट्यवधी वर्षांत घडत आली हा जीवशास्त्राचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारून त्याच सृष्टीला ईश्वराची निर्मिती मानणारी विचारधारा. ही वैज्ञानिक उपपत्ती नव्हे. उत्क्रांती कशी घडली याविषयी ती जीवशास्त्रात काही भर घालत नाही की काही खोडत नाही. मुळात विश्व आणि त्याचे नियम का आहेत, या प्रश्नाचे ती धार्मिक उत्तर आहे. धर्मग्रंथातील निर्मितिकथा शब्दशः खरी मानणारा सृजनवाद तिला मान्य नाही आणि उत्क्रांतीमुळे ईश्वर निकालात निघाला हा दावाही मान्य नाही.

डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्या दिवसापासून धर्म व विज्ञान यांत युद्ध पेटले, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. ग्रंथाची आगाऊ प्रत वाचून चार्ल्स किंग्जली या अँग्लिकन धर्मोपदेशकाने प्रकाशनापूर्वीच डार्विन यांना पत्र लिहिले. पुढे विकसित होत जाण्याची क्षमता असलेली मोजकी आद्य रूपे ईश्वराने निर्माण केली, ही कल्पना प्रत्येक जातीसाठी त्याला वेगळी निर्मिती करावी लागली या कल्पनेइतकीच उदात्त आहे, असा त्या पत्राचा आशय होता. १८६० च्या जानेवारीत निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विन यांनी हे मत आवर्जून नोंदवले. त्यांच्या अमेरिकेतील पहिल्या मोठ्या समर्थकांपैकी एक, हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, हेही निष्ठावान ख्रिस्ती होते. खुद्द डार्विन अखेरीस अज्ञेयवादाकडे, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही या मताकडे, झुकले. तरी १८७९ साली एका पत्राला उत्तर देताना, कोणी उत्कट ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकेल याविषयी शंका घेणे आपल्याला हास्यास्पद वाटते, असे त्यांनी लिहिले आणि उदाहरणे म्हणून किंग्जली व ग्रे यांचीच नावे घेतली.

ग्रे आणि डार्विन यांच्यातील मतभेद मात्र मूलगामी होता आणि या विचारधारेचा पुढचा सगळा प्रवास त्यातून समजतो. नैसर्गिक निवड ग्रे यांना मान्य होती. पण निवड ज्यांतून होते ते बदल ईश्वर हितकारक दिशेने वळवत असावा, असे त्यांनी सुचवले. डार्विन यांनी १८६८ च्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून योग्य आकाराचे दगड वेचून कोणी घर बांधले, तर प्रत्येक दगडाचा आकार त्या घरासाठीच ठरवलेला होता असे म्हणता येईल का? आणि बदल जर आधीच योग्य दिशेने वळवलेले असतील, तर निवडीला करण्यासारखे उरतेच काय? हा युक्तिवाद बिनतोड आहे. ईश्वराला प्रक्रियेच्या आत एक जादा कारण म्हणून घुसवले की विज्ञानही बिघडते आणि ईश्वरही उत्परिवर्तनांच्या रांगेत जाऊन बसतो.

यातून बाहेर पडण्याची वाट फार जुनी होती. १३व्या शतकात ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस यांनी आदिकारण आणि दुय्यम कारणे असा भेद मांडला होता. ईश्वर हा घटनांच्या साखळीतला पहिला दुवा नसून सगळी साखळी अस्तित्वात धरून ठेवणारा आधार आहे; निसर्गातील कारणे आपापल्या जागी खरीखुरी कारणेच असतात. पावसाची ढग व बाष्प यांच्या आधारे दिलेली मीमांसा जशी ईश्वराच्या विरोधात जात नाही, तशीच जातींच्या उत्पत्तीची जैविक मीमांसाही जात नाही. त्याआधी, ५व्या शतकाच्या आरंभी, संत ऑगस्टीन यांनी बायबलमधील उत्पत्तिग्रंथावरील भाष्यात निर्मितीचे दिवस आपल्या परिचयाच्या दिवसांसारखे नसावेत असे म्हटले होते. सृष्टीत पुढे प्रकट होणारी रूपे बीजरूपाने आरंभीच पेरलेली होती, असेही ते मानत. याचा अर्थ ऑगस्टीन उत्क्रांतिवादी होते असा मुळीच नाही. पण शब्दशः वाचन हीच श्रद्धेची मूळ व शुद्ध परंपरा, हा दावा मात्र त्यांच्यापुढे टिकत नाही.

विज्ञानाला जे अजून उलगडलेले नाही तिथे ईश्वर दाखवण्याच्या सवयीवर स्कॉटिश धर्मोपदेशक हेन्री ड्रमंड यांनी १८९४ मध्येच कठोर टीका केली. ज्ञान वाढेल तसा असा ईश्वर आक्रसत जाणार, हे त्यांनी ओळखले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलेल्या ‘इंटेलिजंट डिझाइन’ या मताचे दुखणे हेच आहे. जिवाणूच्या कशाभिकेसारख्या (पोहण्यासाठीच्या चाबकासारख्या शेपटीसारख्या) गुंतागुंतीच्या रचना टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाहीत, म्हणून त्यांमागे रचनाकार हवा, असे ते सांगते. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात डोव्हर येथील शाळांमध्ये हे मत आणण्याचा प्रश्न न्यायालयात गेला, तेव्हा त्याविरुद्ध साक्ष देणारे प्रमुख तज्ज्ञ, जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, हे श्रद्धावान कॅथलिक होते. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे मत विज्ञान नसल्याचा निर्णय दिला. श्रद्धावंत एका बाजूला आणि उत्क्रांतिवादी दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी त्या खटल्यात नव्हती.

विसाव्या शतकात उत्क्रांतिशास्त्राची उभारणी करणाऱ्यांतही श्रद्धावंत होते. लोकसंख्या-जनुकशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर अँग्लिकन होते. थिओडोसियस डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. उत्क्रांतीच्या प्रकाशावाचून जीवशास्त्रात कशालाच अर्थ लागत नाही, हे त्यांच्या १९७३ च्या लेखाचे शीर्षकच झाले. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स यांचा ख्रिस्ती विश्वास सर्वज्ञात आहे. समान पूर्वजांचा पुरावा ते आडपडदा न ठेवता मांडतात: चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या आणि माणसात २३, कारण पूर्वजांतील दोन गुणसूत्रे जोडली जाऊन माणसाचे दुसरे गुणसूत्र बनले, त्या सांध्याच्या खुणा आजही वाचता येतात. क जीवनसत्त्व तयार करणारे जनुक माणसात आणि इतर वानरांत निकामी अवस्थेत सापडते. ईश्वराने माणूस वेगळा घडवून त्यात मोडके जनुक ठेवले असे मानणे म्हणजे त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करणे होय, असे या विचारवंतांना वाटते.

कॅथलिक चर्चची भूमिका सावकाश बदलली. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रात मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली, आत्मा मात्र ईश्वराकडून थेट येतो ही अट ठेवली. उत्क्रांती ही केवळ एक परिकल्पना राहिलेली नाही, असे दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये सांगितले. दरम्यान जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे पुराजीवशास्त्रज्ञ तेयार द शार्दां यांनी सारी उत्क्रांती एका अंतिम दिव्य बिंदूकडे चालली असल्याचे भव्य चित्र रंगवले. त्यांचा मुख्य ग्रंथ ते हयात असेपर्यंत निघू शकला नाही आणि १९६२ मध्ये चर्चने त्यांच्या लिखाणाबाबत सावधगिरीचा इशारा दिला. त्यांच्या मांडणीची मोहिनी मोठी आहे. पण उत्क्रांतीला ठरलेली दिशा असल्याचा आधार जीवशास्त्र देत नाही.

इस्लामी विचारवंतांत आज अनेक जण इतर सजीवांची उत्क्रांती मान्य करून आदम या पहिल्या मानवाची निर्मिती अपवाद मानतात. माणसासह सगळी उत्क्रांती स्वीकारणारेही आहेत. ज्यू परंपरेत १९व्या शतकातील धर्मगुरू सॅमसन राफाएल हिर्श यांनी, उत्क्रांतीची उपपत्ती सिद्ध झाली तर ईश्वराविषयीचा आदर वाढेलच, असे म्हटले होते. बौद्ध विचारात निर्माता ईश्वर नसल्यामुळे प्रश्नच वेगळा होतो: तिथे अडचण चैतन्य आणि कर्म यांच्या स्थानाची आहे.

हिंदू परंपरेत दशावतारांची सांगड लोकप्रिय आहे. १८८२ मध्ये ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी ती मांडली: मत्स्य जलचर, कूर्म उभयचर, वराह भूचर, नरसिंह अर्धा पशू अर्धा मानव, वामन खुजा मानव. ऐकायला ती जुळते. पण कूर्म हा मत्स्याचा वंशज नाही. प्रत्येक अवतार धर्मरक्षणासाठी स्वतंत्रपणे घेतलेला आहे. शिवाय उत्क्रांतीत एकावर एक पायऱ्या नसतात, फांद्या फुटत जातात. आजचा मासाही आपल्याइतकाच उत्क्रांत आहे. या सांगडीने ना पुराणाला न्याय मिळतो, ना जीवशास्त्राला. श्री अरविंदांचा प्रयत्न अधिक खोल आहे. जे मुळात नाही ते बाहेर येऊ शकत नाही, म्हणून चैतन्य आधी जडात उतरले आणि मग क्रमाने उलगडत गेले, असे ते म्हणतात. हे तत्त्वज्ञान आहे आणि तसेच वाचले पाहिजे.

निरीश्वरवादी टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की, प्रक्रिया ईश्वरावाचून समजत असेल तर तो अनावश्यक ठरतो. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ मध्ये विज्ञान व धर्म यांची अधिकारक्षेत्रे वेगळी असल्याचे सांगून वाद मिटवू पाहिला. ही तोड सोयीची असली तरी अपुरी आहे, कारण धर्म जगाविषयी खरोखर काही म्हणतात. आदमचेच पाहा. मानवाच्या पूर्वजांची संख्या कधी एका जोडप्यावर आल्याची खूण जनुकीय विविधतेत दिसत नाही. ती हजारांत राहिली असे दिसते. मग आदमच्या पापाचा वारसा सर्व मानवांकडे येतो हा मूळ पापाचा ख्रिस्ती सिद्धान्त कसा वाचायचा? काही जण आदमला संपूर्ण मानवजातीचे प्रतीक मानतात, काही जण मोठ्या समूहातून ईश्वराने निवडलेला प्रतिनिधी. एकमत झालेले नाही.

त्याहून अवघड प्रश्न वेदनेचा आहे. डार्विन यांनी १८६० मध्ये ग्रे यांना लिहिले होते की, सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केल्या यावर आपला विश्वास बसत नाही. पूर्वी प्राण्यांच्या दुःखाचे खापर माणसाच्या पापावर फोडता येत असे. माणूस अवतरण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे यातना आणि मृत्यू होतेच हे जीवाश्मांनी दाखवल्यावर तो आधार गेला. स्वतःची घडण स्वतःच करणारी सृष्टी अशा किमतीवाचून शक्य नाही, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ व धर्मोपदेशक जॉन पोकिंगहॉर्न म्हणत. धर्मचिंतक क्रिस्टोफर साउथगेट यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: पेलिकन पक्ष्याचे दुसरे पिल्लू बहुधा पहिले दगावले तर राखीव म्हणून जन्मते आणि पहिले जगले की घरट्याबाहेर ढकलले जाऊन मरते. सृष्टी एकूण सुंदर झाली याचा त्या पिल्लाला काय उपयोग? साउथगेट यांच्या मते अशा जिवांच्या वाट्यालाही ईश्वराकडून पूर्णत्व आले पाहिजे, एरवी त्याच्या चांगुलपणाचे समर्थन करता येणार नाही. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी प्राण्यांच्या उद्धाराची हीच आशा डार्विनच्या आधी, १८व्या शतकात, प्रवचनातून सांगितली होती. आज ती उत्क्रांतीविषयीच्या धर्मचिंतनात पुन्हा चर्चेला आली आहे.