टाकी फुल, काटा रिकाम्यावर

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हाच बोटींची सगळी डागडुजी निघते. गेल्या पावसाळ्यात वेसाव्याला मित्राच्या काकांच्या बोटीवर गेलो तर त्यांनी डिझेल टाकीचा सेंडर, म्हणजे टाकीत किती डिझेल आहे ते मीटरला कळवणारा भाग, नवा आणलेला आणि मीटर उलटा चालत होता, फ्लोट (डिझेलवर तरंगणारा तुकडा) हाताने वर केला की काटा रिकाम्याकडे, खाली सोडला की फुल. आजूबाजूचे सगळे म्हणाले, काका, वायरी उलट्या लागल्यात!

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. सेंडर म्हणजे फ्लोटबरोबर बदलणारा रेझिस्टर, विजेला अडवणारा भाग, आणि तो किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. रेझिस्टरला उलट-सुलट नसतं, त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा, ओहम तेवढेच. खरी गंमत अशी की जगात दोन पद्धती चालतात. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला 240 ओहम देतो आणि भरलेल्या टाकीला 33, युरोपियन बरोबर उलटा, रिकामी 10 आणि फुल 180. काकांचा मीटर अमेरिकन, सेंडर युरोपियन, मग फुल टाकीचे 180 ओहम बघून मीटर बिचारा डिझेल संपत आलं असंच समजणार ना.

आता यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट. खाऱ्या हवेने अर्थिंगच्या (सेंडरपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वायरीच्या) जोडाला हिरवा गंज चढला की तिथे जास्तीचे ओहम तयार होतात आणि ते सेंडरच्या ओहममध्ये मिळवले जातात. समजा 30 वाढले. अमेरिकन जोडीत ओहम वाढले म्हणजे काटा खाली, डिझेल आहे त्यापेक्षा कमी दिसतं, चालेल. युरोपियन जोडीत रिकाम्या टाकीचे 10 चे 40 होतात आणि काटा सांगतो अजून आहे थोडं, आणि बोट भर समुद्रात बंद! म्हणून वायर कलई केलेल्या तांब्याचीच घ्या, आणि टाकी प्लॅस्टिकची असेल तर अर्थिंगची वेगळी वायर ओढावीच लागते.

हल्ली नळीसारखे सेंडर मिळतात, फ्लोटमधलं चुंबक नळीतल्या काचेच्या बारीक रीड स्विचमधल्या पट्ट्या एकेक करून जुळवत जातं आणि तसे ओहम बदलतात. चुंबकाचं खरं काम हे. डिझेलच्या पाइपला चुंबक बांधलं की अॅव्हरेज वाढतो म्हणून जे विकतात ते निव्वळ थोतांड आहे, पैसे घालवू नका.

काकांना सांगितलं, सेंडर घ्यायला जाताना मल्टिमीटर न्या, दुकानातच फ्लोट वर-खाली करून ओहम बघा. 240-33 वाला मिळाला. बॅटरी काढून, नवं गॅस्केट घालून बसवला, त्याची पाच भोकं सारख्या अंतरावर नसतात, एकाच दिशेने बसतात, त्यामुळे फ्लोटचा दांडाही आपोआप बरोबर दिशेला आला.