एवढा लांब पट्टा कशाला? जुन्या थ्रेशरच्या डेमोमागची गोष्ट

इकडे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उन्हाळा उतरणीला लागला की कुठल्यातरी कम्युनिटी फार्मवर शेडमधलं जुनं थ्रेशर, म्हणजे मळणीचं मशीन, बाहेर निघतं, आणि बघायला आलेल्या आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, की मशीन फिरवणारं इंजिन तिकडे लांब, मशीन इकडे, मधे हा एवढा मोठा पट्टा आणि तोही पीळ घातलेला, जवळ लावलं तर काय बिघडतं? बिघडतं ना. वाफेचं इंजिन म्हणजे धुराड्यातून ठिणग्या, आणि मशीनभोवती सगळं वाळकं काड. एक ठिणगी पडली की वर्षाचं पीक गेलं. म्हणून इंजिन लांब, आणि त्यासाठी 100-150 फुटांचा पट्टा. पीळ दिला की तो वाऱ्यात कमी फडफडतो आणि पुलीवरून सहसा सटकत नाही.

हे मशीन मुळात स्कॉटलंडचं. तोपर्यंत तिकडे मळणी म्हणजे दोन दांडके चामड्याच्या वादीने जोडायचे आणि कोठारात उभं राहून पेंढ्या झोडपत बसायचं, हिवाळाभर. 1786 च्या आसपास अँड्र्यू मिकल नावाच्या गिरणी दुरुस्त करणाऱ्या माणसाने फिरत्या ड्रमचं मशीन बनवलं, 1788 मध्ये पेटंटही घेतलं. शेतमालक खूश. पण शेतमजुरांना हिवाळ्यात दुसरं कामच नसायचं, झोडपणी गेली की चूल विझली. शेवटी 1830 मध्ये इंग्लंडात केंटपासून भडका उडाला, रात्री टोळ्या यायच्या आणि मशीन फोडायच्या, गंजींना आगी लागायच्या, आणि मालकांना ‘कॅप्टन स्विंग’ अशी सही केलेली धमकीची पत्रं जायची, असा कॅप्टन प्रत्यक्षात कुणी नव्हताच म्हणा. सरकारने 19 जणांना फाशी दिलं आणि शेकडो लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं. आज ज्या मशीनसमोर लोक लेकरांना उभं करून फोटो काढतात, त्याचाच पणजोबा म्हणजे तेव्हा फोडलेलं ते मशीन.

अमेरिकेत चित्र उलटं होतं, जमीन अफाट आणि माणूस मिळेना. त्यामुळे इथे मशीनचं स्वागतच झालं. 1837 मध्ये मेन राज्यातल्या पिट्स बंधूंनी मळणी आणि उपणणी एकाच पेटीत बसवली, तेव्हा खरी सोय झाली. 1842 मध्ये जेरोम केस विस्कॉन्सिनला आला, थोड्याच दिवसात रसीन गावात थ्रेशरचा कारखाना टाकला आणि 1869 मध्ये कंपनीने वाफेचं इंजिनही काढलं. त्याआधी दहा-बारा घोडे गोल फिरवून मशीन चालवायचे. हे केस नाव तुम्हाला अगदीच परकं नाही, आपल्याकडे उसाच्या फडात तोडणीची जी लाल मशिनं दिसतात त्यातल्या बऱ्याच मशिनांवर हेच नाव असतं, आणि तोडणी कामगारांनी मग जायचं कुठे हा प्रश्न तिथेही निघतोच.

मशीनच्या पोटात काय चालतं ते खळं पाहिलेल्याला लगेच कळतं. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्यातल्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरायची, त्याऐवजी इथे दातेरी ड्रम. वावडीवर, म्हणजे उपणायच्या उंच तिवईवर, उभं राहून वाऱ्याची वाट बघायची, त्याऐवजी आत पंखा. मग हलणाऱ्या चाळण्या, एका बाजूने दाणे पोत्यात, दुसरीकडून जाड नळीतून काडाचा फवारा थेट गंजीवर. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहिलात तर दोन दिवस अंग खाजतं, स्वानुभव आहे.

पण मशीन महाग, एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं. मग शेजारपाजारचे मिळून एक मशीन घ्यायचे किंवा फिरत्या मशीनवाल्याला बोलवायचे, आणि आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे असं करत सगळ्यांची मळणी उरकायचे. याला इकडे थ्रेशिंग रिंग म्हणतात, आपण सावड म्हणू. ज्याच्याकडे मळणी त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण, आणि कुणाच्या घरी काय वाढलं याची चर्चा गावभर. डेमोच्या दिवशी दुपारी पंगत असते ती यामुळे, नुसती हौस नाही ती.

1930-40 च्या दशकात ट्रॅक्टर आणि कापतानाच मळणी करणारं कंबाईन आलं आणि सावड मोडली, कारण एका माणसात काम होऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात कितीतरी इंजिनं भंगारात वितळली. उरलेली वाचवायला जुने लोक एकत्र जमायला लागले, आयोवातल्या माउंट प्लेझंटचा मेळावा 1950 पासूनचा, तो अजून भरतो.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. 29 जुलै 2001 ला ओहायोतल्या मदायना इथे जत्रेच्या मैदानावर असंच एक जुनं इंजिन फुटलं, बॉयलरमधलं पाणी कमी झालं होतं आणि भट्टीवरचा पत्रा आधीच झिजलेला, पाच माणसं गेली. त्यानंतर ओहायोने जुन्या बॉयलरच्या तपासणीचा आणि चालवणाऱ्याच्या परवान्याचा कायदा केला. त्यामुळे डेमोत इंजिनवाला गप्पा मारता मारता सारखा बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे का बघतो, हे आता लक्षात येईल.

आणि हल्लीची अडचण वेगळीच आहे. आताचा गहू बुटका. हरितक्रांतीत आपल्याकडे पोचलेला तोच बुटका गहू, आणि तो घडवणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग जन्मले याच आयोवात, क्रेस्कोला. कंबाईनला तो झकास, पण त्याच्या पेंढ्या नीट बांधल्या जात नाहीत, आणि थ्रेशरला तर पेंढ्याच लागतात. मग डेमोसाठी ओट्स नाहीतर उंच वाढणाऱ्या जुन्या जातीचा एक तुकडा मुद्दाम पेरायचा, तो कापायला बाइंडर, म्हणजे कापून पेंढ्या बांधणारं मशीन, शोधायचं, तेही तितकंच म्हातारं, आणि त्याची सुतळीची गाठ मारणारी चोच एकदा अडली की अख्खी दुपार चारजण तिच्यात डोकं घालून बसलेले.