माथेरानची मिनी ट्रेन पावसाळ्यात ‘कायमची बंद’ होत नाही

दर जूनमध्ये एक निरोप फिरू लागतो: ‘माथेरानची मिनी ट्रेन कायमची बंद झाली.’ हे खरे नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक बेत रद्द करतात याचे वाईट वाटते.

पावसाळ्यात पायथ्याचे नेरळ ते डोंगरावरचे अमन लॉज स्थानक हा घाटातला टप्पा थांबवतात. दरड कोसळते, रुळांखालची खडी वाहून जाते. दोन फुटी रुळांवर, इतक्या तीव्र वळणांत धोका पत्करणे योग्य नाही. वरची अमन लॉज ते माथेरान शटल मात्र सहसा पावसातही चालते. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे, त्या जिथे थांबतात त्या अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्यापासून पुढे वृद्धांना आणि सामान घेऊन येणाऱ्यांना तिचा मोठाच आधार असतो.

अफवेला खतपाणी मिळाले ते खऱ्याखुऱ्या मोठ्या खंडांमुळे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला, गाडी २००७ मध्ये परतली. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर ती पुन्हा थांबली. आधी वरची शटल आणि २०१८ च्या सुरुवातीला पूर्ण मार्ग सुरू झाला. २०१९ च्या पावसाने घाट पुन्हा उखडला, आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तीन वर्षे वाट पाहिलेल्यांना ‘कायमची’ हा शब्द पटला, यात त्यांचा दोष नाही.

जाण्याआधी एवढेच विचारा: नेरळहून गाडी आहे, की फक्त शटल?