वैयक्तिक शिक्षण आराखडा

वैयक्तिक शिक्षण आराखडा : दिव्यांग विद्यार्थ्याला काय शिकवायचे, कोणत्या मदतीने, ती मदत कोणी व कधी करायची आणि तिचा उपयोग झाला की नाही हे कसे मोजायचे, याची लेखी आखणी. तो एका मुलापुरताच असतो. एकाच वर्गातल्या दोन अंध मुलांचे आराखडेही सारखे नसतात, कारण एकाला ब्रेल येत असते आणि दुसऱ्याची दृष्टी नुकतीच गेलेली असते. पालक, वर्गशिक्षक व विशेष शिक्षक तो मिळून तयार करतात. गरजेनुसार वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ (लिहिणे, जेवणे अशी रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणारे) किंवा मानसशास्त्रज्ञ सामील होतात. मूल जाणते झाले की तेही बैठकीत बसते.

असा आराखडा कायद्याने बंधनकारक करणारे महत्त्वाचे पाऊल अमेरिकेने १९७५ साली उचलले. स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या विशेष शिक्षणाच्या जागतिक परिषदेच्या १९९४ च्या जाहीरनाम्याने सर्वसाधारण शाळेतच सर्व मुलांना सामावून घेण्याचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील २४ वे कलम समावेशक शिक्षण आणि व्यक्तिगत आधार यांना हक्काचे स्थान देते.

पाया असतो सद्यस्थितीची नोंद, आणि घाई नेमकी इथेच होते. ‘वाचनात कच्चा’ या शेऱ्यातून शिकवणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी मुलाने आधी न पाहिलेले, एकाच पातळीचे तीन उतारे तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक मिनिट वाचून घ्यावेत, अचूक वाचलेले शब्द मोजावेत आणि तीन आकड्यांपैकी मधला धरावा. एकाच दिवसाचा आकडा अपुरी झोप, औषध किंवा भीती यांमुळे फसवा निघतो. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ही नोंद भागत नाही. त्यातून निदान कळते. फळ्यावरचे अक्षर मुलाला कोणत्या बाकावरून दिसते, ते मात्र वर्गातच पाहावे लागते.

समजा, मधला आकडा २२ आला. मग उद्दिष्ट असे लिहिता येते : ‘१२ आठवड्यांनी त्याच पातळीचा नवा उतारा मिनिटाला ३४ अचूक शब्द या गतीने वाचेल, चुका ३ पेक्षा जास्त नसतील.’ म्हणजे आठवड्याला एका शब्दाची वाढ. आलेखावर २२ पासून ३४ पर्यंत रेषा आखून दर आठवड्याचा आकडा टिंबाने दाखवतात. सलग चार टिंबे रेषेखाली पडली तर शिकवण्याची पद्धत बदलावी, उद्दिष्ट खाली ओढू नये. चारही वर गेली तर उद्दिष्ट वाढवावे. वर्षाला तीन-चार उद्दिष्टे पुरेत. वीस उद्दिष्टांचा आराखडा भरगच्च दिसतो खरा, पण त्यातले एकही कोणी मोजत नाही.

यानंतर येतात सवलती. सवलत आणि आशयातील बदल या दोन गोष्टींची गल्लत फार होते. इतिहासाचा तोच धडा ऐकून शिकणे ही सवलत. पाचातले दोनच धडे शिकणे हा बदल. बदलामुळे पुढच्या परीक्षेची वाट अरुंद होऊ शकते, म्हणून तो ठरवण्याआधी पालकांना परिणाम स्पष्ट सांगायला हवा.

सवलत नेमकी असली तरच उपयोगी पडते. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला १८ पॉइंट आकाराचे छापील अक्षर ही केवळ सुरुवात. काहींना त्याहून मोठे लागते, तर काहींची अडचण अक्षराची नसून समोरच्या खिडकीच्या झळाळीची असते. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला पहिला बाक दिला की काम झाले असे मानले जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि साधे श्रवणयंत्र शिक्षकांच्या आवाजाबरोबर बाकांची खरखरही वाढवते. शिक्षकांच्या गळ्यातला, थेट यंत्राशी जोडलेला माइक ही अडचण बरीच कमी करतो. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, हा नियम मात्र फुकटात पाळता येतो. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याची ताकद तोल सावरण्यातच जाते. पावले टेकलेली, गुडघे काटकोनात आणि टेबल कोपराच्या उंचीला असेल तर हात लिहायला मोकळे होतात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वसाधारण प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंमी उंचीच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार. जागा नाही म्हणून त्याची लांबी निम्मी केली, तर खुर्ची मागे कलंडण्याचा धोका असतो.

जादा वेळ ही सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी विचाराने दिली जाणारी सवलत आहे. ज्याचा हात लिहून दुखतो त्याला अर्धा तास वाढवून दिला, तर दुखणेच अर्धा तास वाढते. त्याला टंकलेखन किंवा लेखनिक हवा. लेखनिकाला मजकूर सांगणे हेही शिकावे लागते. परीक्षेच्या दिवशीच दोघांची पहिली भेट झाली, तर विरामचिन्हांपासून आकृत्यांपर्यंत सगळे अडते.

सेवा मोघम लिहू नये. ‘गरजेनुसार वाचा-उपचार’ याचा अर्थ व्यवहारात पुष्कळदा ‘नाही’ असा होतो. ‘आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटे, तिघांच्या गटात’ असे लिहिले की पालकांना चुकलेल्या तासांचा हिशेब विचारता येतो. पालकांनीही घरचे निरीक्षण असेच आणावे : गृहपाठाला किती मिनिटे लागली, कुठे अडले, किती मदत केली. मुलाऐवजी स्वतः पूर्ण केलेल्या वहीमुळे शिक्षकांपर्यंत चुकीची सद्यस्थिती पोचते.

मदतनिसाबाबत उलटी चूक होते. तो सतत शेजारी बसला की शिक्षक प्रश्न त्यालाच विचारू लागतात आणि वर्गमित्र लांब राहतात. म्हणून मदत कशी कमी करत न्यायची तेही आराखड्यात हवे : आधी हात धरून, मग खुणेने, मग नुसते थांबून. संवादफलक, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचा फलक, वापरणाऱ्या मुलासाठी प्रश्नानंतर दहा सेकंद थांबणे वर्गात फार लांब वाटते. मुलाला उत्तराचे चित्र शोधायला तेवढी लागतातच.

आढावा वर्षातून किमान एकदा, शक्यतो दर सत्रात घेतात. वर्ग बदलताना आराखडा कपाटात राहून जातो आणि नवे शिक्षक शून्यापासून सुरुवात करतात. बदली शिक्षकांनाही वीस पाने वाचायला वेळ नसतो. त्यासाठी एक पान वेगळे काढून हजेरीपटाला लावून ठेवतात : मूल कुठे बसते, कोणते साधन वापरते, थकल्याची किंवा फिटचा झटका येण्याची खूण काय आणि तेव्हा कोणाला बोलवायचे.