स्थलांतरित पक्ष्यांचा आकार आणि पंखाची पट्टी

उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या जातींपैकी थंड प्रदेशातली जात बहुधा आकाराने मोठी असते, हे कार्ल बर्गमान यांनी १८४७ मध्ये मांडले. शरीर वाढले की वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ घटते आणि उष्णता सावकाश निसटते, हे त्यांचे कारण होते. बारा महिने एकाच मुलखात राहणाऱ्या पक्ष्यांना हा नियम बराचसा लागू पडतो. फ्रान्सिस जेम्स यांनी १९७० मध्ये त्यात तापमानाबरोबर हवेतल्या दमटपणाचाही हिशेब धरला. स्थलांतरित पक्षी मात्र ज्या थंडीवर हा नियम उभा आहे, तीच टाळून निघून जातो.

दुसरी अडचण मोजमापाची होती. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्याचे जिवंतपणीचे वजन अनेकदा नोंदलेलेच नसे, म्हणून मिटलेला पंख पट्टीवर ठेवून मनगटाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंतची लांबी घेतली जाई आणि तोच शरीराचा आकार मानला जाई. पण लांब पल्ल्याच्या प्रवाशांचे पंख मुळातच लांब आणि टोकदार असतात, हे निरीक्षणही जुने असून ते हेन्री सीबोम यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे पट्टीवरच्या आकड्यात हवामानाबरोबर वाटही मिसळलेली असते.

ती वाट किती लांब आहे, एवढेच पाहून भागत नाही. उत्तरी रणगोजा अलास्कातून आशिया ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो. हे अंतर एका बाजूने सुमारे १४,५०० किलोमीटर आहे, पण वाटेत उतरायला जमीन मिळते. याच जातीचा ग्रीनलंडकडचा पक्षी तुलनेने कमी अंतर कापतो, तरी त्याच्यापुढे अटलांटिक पसरलेला असतो, आणि ही उपजात अंगाने मोठी व लांब पंखांची आहे. मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते.

शिकागोत इमारतींवर आदळून मेलेले पक्षी १९७८ पासून गोळा केले गेले आणि डेव्हिड विलर्ड यांनी ते सारे स्वतः मोजले. २०१६ पर्यंतच्या ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकाराची खूण मानली जाणारी पायाच्या नळीची लांबी सुमारे २.४ टक्क्यांनी घटली होती, तर पंख १.३ टक्क्यांनी वाढले होते. केवळ पंखाची पट्टी लावली असती, तर हे पक्षी मोठे होत आहेत असा निष्कर्ष निघाला असता.